चॉकलेट सिस्ट काढ्याने विरघळते का?

तुम्ही लिहिले आहे की डाव्या अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली, डॉक्टरांनी डायनोजेस्टची गोळी सुरू केली, आणि सासूबाईंचा आग्रह असा की हार्मोनची गोळी बंद करून अशोकारिष्ट व हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात, म्हणजे गाठ आपोआप विरघळेल. पुढच्या वर्षी बाळाचा विचारही आहे. मी अकरा वर्षे एंडोमेट्रिऑसिस घेऊन वावरते आहे, एकदा लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया) झाली आहे, आणि काढे, चूर्णे, पथ्ये यांतले बहुतेक सारे करून पाहिले आहे. मी डॉक्टर मात्र नाही, हे धरूनच पुढचे वाचावे.

अशी गाठ विरघळवते असे सिद्ध झालेली वनस्पती माझ्या वाचनात नाही. एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते, इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसली जाते, आणि अंडाशयात तिचे जुने रक्त साठून चॉकलेट सिस्ट बनते. डायनोजेस्ट त्या पोसण्यालाच आळा घालते. चिनी वनौषधींचा या आजारासाठीचा कोक्रेन आढावा (झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा) 2012 मध्ये अद्ययावत झाला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या अवघ्या दोन निघाल्या, त्यांत स्त्रिया 158. शतकानुशतकांची परंपरा आणि तपासलेला पुरावा एवढाच, हे मला तेव्हाही खटकले होते.

हळदीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक विश्वास तिच्यावरच असतो. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर कुरक्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाचा, परिणाम दिसतो, हे खरे आहे. परंतु हळदीत कुरक्युमिन साधारण तीन टक्के असते आणि आतड्यातून ते फारच कमी शोषले जाते. म्हणून कॅप्सूलमध्ये अर्क घट्ट करून त्यात मिऱ्यातले पायपरीन घालतात. इराणमध्ये एंडोमेट्रिऑसिसच्या रुग्णांवर कुरक्युमिनची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना करणारी चाचणी झाली, तीत वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट अशा घट्ट अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीला हे लागू नाही. ती निःशंक घाला. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य मीही वर्षानुवर्षे म्हणत आले होते. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, तेव्हा ते म्हणणे सोडले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवे.

अशोकारिष्टात सीता अशोकाची साल लागते, आणि बाजारात त्या सालीत आसुपालवाची, म्हणजे रस्त्याकडेच्या उंच खोट्या अशोकाची, भेसळ होते. शिवाय अरिष्ट गूळ व धायटीची फुले घालून आंबवलेले असल्याने त्यात मद्यार्क असतो. बाळाचा प्रयत्न सुरू झाल्यावर ते नको. शतावरीत इस्ट्रोजेनसदृश गुण मानले जातात, त्यामुळे आपल्या आजारात ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आता उपयोगी पडलेल्या गोष्टी. सुंठीवर पाळीच्या वेदनांसाठी बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. पहिले तीन-चार दिवस रोज 750 ते 2000 मिलिग्रॅम पूड दिल्यावर वेदना कमी झाल्याचे दिसते. त्या स्त्रियांना मात्र एंडोमेट्रिऑसिस नव्हता, साधी पाळीची पोटदुखी होती. मला सुंठीने मळमळ कमी होते, दुखणे फारसे नाही. दुखण्याला गरम पाण्याची पिशवीच खरी.

सर्वांत मोठा फरक पडला तो पोटफुगीत. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात, 2017 साली, आतड्याचा त्रास आणि एंडोमेट्रिऑसिस दोन्ही असलेल्या स्त्रियांपैकी 72 टक्के जणींना कमी फॉडमॅपच्या (आतड्यात नीट न शोषता आंबणाऱ्या शर्करांच्या) आहाराने निम्म्याहून अधिक आराम पडला. एंडोमेट्रिऑसिस नसलेल्यांत हे प्रमाण 49 टक्के होते. या आहारात कांदा, लसूण, गहू आणि बरीच कडधान्ये चार-सहा आठवडे बंद करून मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण वगळणे म्हणजे जेवणाची चवच काढून घेणे. मी हिंगावर भागवले, आणि नंतर कळले की डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. ज्वारीची भाकरी, मुगाची पातळ आमटी, दुधी-पडवळ यांवर निभावते. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा, कारण कायमची पथ्ये केली तर अंगावर जास्त जात असताना अशक्तपणा वाढतो.

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात, रोज दोनहून अधिक वेळा लाल मांस खाणाऱ्यांमध्ये हा आजार निघण्याचा धोका 56 टक्के अधिक दिसला. हा धोक्याचा आकडा झाला. झालेल्या गाठीवर त्याने काही सिद्ध होत नाही. जवसाची चटणी जरूर खा, पण जवसातले ओमेगा-3 शरीरात फार थोडे रूपांतरित होते. मासे चालत असतील तर तारली, बांगडा अधिक उपयोगी.

गोळी स्वतःहून बंद करू नका. बाळाचा प्रयत्न नक्की कधी सुरू करायचा हे डॉक्टरांना आत्ताच सांगा, कारण डायनोजेस्टवर असताना बहुतेकींचे बीज बाहेर पडत नाही, आणि डॉक्टरांना गोळी थांबवण्याची वेळ व एएमएचची (अंडाशयातल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारी) रक्ततपासणी यांचा मेळ घालावा लागतो. जाताना सासूबाईंनी आणलेल्या बाटल्या आणि कॅप्सूलची पाकिटे पिशवीत घालून न्या व डॉक्टरांसमोर ठेवा; शस्त्रक्रिया ठरलीच तर त्यांतली कोणती किती दिवस आधी बंद करायची हेही त्यांना सांगता येईल.