‘एक्सायटेबिलिटी’ला उत्तेजना म्हणावं का?

सांगलीत फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : “पक्षाघाताच्या झटक्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत रुग्णांची ‘स्पायनल मोटर न्यूरॉन एक्सायटेबिलिटी’ मोजायची आहे. नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकात मी ‘मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशींची उत्तेजना’ असं लिहिलं. आमच्या मॅडमना ते खटकलं. मग काय लिहू?”

मॅडमचं बरोबर आहे. ‘मेरुरज्जू’ आणि ‘प्रेरक चेतापेशी’ हे शब्द शाळेच्या विज्ञानातून ओळखीचे झालेत, ते राहू द्या. घोळ ‘उत्तेजना’चा आहे. आपल्याकडे उत्तेजन म्हणजे प्रोत्साहन, म्हणून तर चौथ्या नंबराला उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं. उत्तेजक म्हटलं की खेळाडू चोरून घेतात ती औषधं. आणि नुसतं ‘उत्तेजना’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात भलतंच येतं. “आज आबांची उत्तेजना मोजायची आहे” हे मिरजेच्या एखाद्या वॉर्डात मोठ्यानं वाचून बघा, सूनबाई पदर तोंडाला लावतील.

हसण्यावारी नेलं तरी अर्थाची अडचण उरतेच. उत्तेजना ही घडलेली अवस्था, तर एक्सायटेबिलिटी ही घडण्याची तयारी. पेशी गप्प असतानाही ती असतेच. म्हणून प्रबंधात ‘उद्दीपनक्षमता’ लिहा. ‘उत्तेजनक्षमता’ही चालेल, पण ‘स्टिम्युलस’ला ‘उद्दीपक’ हा शब्द रुळलेला आहे, त्याच्याशी पहिल्याची जोडी जमते.

माहितीपत्रकात मात्र ‘क्षमता’ जपून वापरा. घरची माणसं तिचा अर्थ ताकद असा घेतात, आणि इथं ताकद मोजलीच जात नाही. मोजतात काय ते बघा. मनगटाजवळ मीडियन नर्व्हला, म्हणजे तळहाताकडे जाणाऱ्या एका चेतेला, त्वचेवरून विजेचा छोटा झटका देतात. त्याची एक लहर खाली अंगठ्याच्या स्नायूकडे जाते, दुसरी उलट्या दिशेनं वर मानेतल्या मेरुरज्जूपर्यंत. तिथल्या थोड्याच प्रेरक पेशी तिला उलट जबाब देतात आणि साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांनी स्नायूत एक बारीकशी लाट उमटते. ही ‘एफ वेव्ह’. मॅग्लॅडरी आणि मॅकडूगल यांनी 1950 साली तिचं वर्णन केलं. पायाच्या पंजातल्या स्नायूंत ती टिपली म्हणून इंग्रजी ‘फूट’चा ‘एफ’. ओळीनं असे झटके देऊन किती वेळा जबाब आला आणि लाट केवढी होती, हे पाहतात. याच कामाची दुसरी तपासणी पायावर होते : गुडघ्याच्या लवणीत झटका देऊन पोटरीत टिपतात तो ‘एच रिफ्लेक्स’, त्यातला ‘एच’ पॉल हॉफमनचा, साल 1910.

पक्षाघातानंतर लगेच, हात लुळा असताना, या एफ लाटा बहुधा कमी येतात, कधी येतच नाहीत. पुढं हात ताठू लागला की त्या परततात, पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोठ्या होऊन. म्हणजे उद्दीपनक्षमता वाढलेली आणि हात तरीही कामाचा नाही, असं होऊ शकतं. पत्रकात “क्षमता वाढली” असं छापलंत तर घरचे पेढे वाटतील.

गंमत म्हणजे हा फरक आपल्या बोलीत आधीपासून आहे. “अंगावरनं वारं गेलं, हात लुळा पडला” असं सांगणारी बाईच पुढं म्हणते, “आता हात आखडाय लागलाय.” लुळा आणि आखडलेला, दोन वेगळ्या अवस्थांना दोन वेगळे शब्द. पत्रकात हेच वापरा. ‘शिथिल’ आणि ‘संस्तंभ’ प्रबंधातच शोभतात.

आणि क्रियापद हवं असेल तर ‘चेतणे’ घ्या. ओलं लाकूड चेतायला वेळ लागतो, वाळकं ठिणगीसरशी चेततं. लाकूड किती जळलं हा प्रश्न वेगळा. एक्सायटेबिलिटी म्हणजे नेमकी ही चेतण्याची तयारी, आणि ‘चेतापेशी’शी नादही जुळतो. ‘चेतनक्षमता’ असं नाम मात्र पाडू नका, ‘चेतन’ म्हणजे सजीव असा अर्थ मध्ये येतो.

‘शॉक’ हा शब्द टाळाच. नातेवाइकांना तो विजेच्या तारेचा वाटतो, वर डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘स्पायनल शॉक’ (मेरुरज्जूला इजा झाल्यावर त्याचं काम काही काळ थंडावणं) निराळाच. “हलका करंट देऊन बघतो, थोडं टोचल्यासारखं वाटेल” एवढं पुरे.

आणखी एक, विचारलं नसलंत तरी. ‘मेरुरज्जू’ वाचून कुणीतरी “मणक्यात पण बिघाड आहे का?” असं विचारणारच. आपल्याकडं मणक्यातली शीर दबणं घरोघरी माहीत आहे. म्हणून वाक्य असं ठेवा : “बिघाड मेंदूत झाला आहे, मणक्यात नाही. मेंदूकडून येणारे हुकूम तुटल्यामुळे पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी सध्या किती चटकन चेततात, ते या तपासणीत पाहतात.” ‘मेरुरज्जू’ त्याखाली कंसात टाकला तरी चालेल.