फ्युनारिया मॉस आणि लीस्ट वीझल यांच्यात फरक काय, साम्य काय?

फरक खाण्यापासूनच सुरू होतो. फ्युनारिया हे मॉस, म्हणजे ओल्या जागी गादीसारखी पसरणारी इवलीशी वनस्पती; ते उन्हावर स्वतःचं अन्न तयार करतं. लीस्ट वीझल हा मांसभक्षक गणातला सर्वांत लहान प्राणी. अंग इतकं बारीक की उंदराच्या बिळात सहज शिरतो, आणि ऊब टिकवायला त्याला सतत शिकार लागते.

मला मात्र सगळ्यात सुंदर फरक वाटतो तो गुणसूत्रांचा. पावसाळ्यात आपल्या गोव्यात चिऱ्यांच्या गडग्यावर मॉसची जी हिरवी गादी दिसते, तिच्या पेशींत सहसा गुणसूत्रांचा एकच संच असतो. वीझलच्या (आणि आपल्याही) शरीरात दोन; एकेरी फक्त शुक्राणू आणि अंडपेशी. मॉसमध्ये दुहेरी संच असतो तो बीजाणूंची कुपी धरणाऱ्या बारीक देठात, आणि तो देठ हिरव्या रोपावरच पोसला जातो.

साम्य? दोघांचेही शुक्राणू पोहतात. मॉसला त्यासाठी बाहेरचं पाणी लागतं, वीझलला नाही.

वीझल गोव्यात शोधू नका, तो उत्तरेकडच्या थंड मुलखातला. मुंगूस बघून वीझल आठवेल, पण ते वेगळ्या कुळातलं. वीझलचा इथला नातेवाईक म्हणजे चोडण बेटावरच्या खारफुटीतलं पाणमांजर.