वाचकांचे प्रश्न: शेखांच्या दारातले कान

मागच्या अंकात १८२० च्या तहावर दोन पानं छापली होती. इराणच्या आखातातल्या, आजच्या अमिरातीतल्या रास अल खैमावर मुंबईहून फौज गेली, किल्ले पाडले, गलबतं जाळली आणि मग किनाऱ्यावरच्या एकेका शेखाला बोलवून 'समुद्रात लूटमार करणार नाही' अशा करारावर सह्या घेतल्या, ती हकीकत. त्यावर बरेच मेल आलेत, काही प्रश्न तर इतके नेमके की आधी वाटलं उत्तर देऊच नये, गुपचूप बसावं. तरी देतो.

प्रश्न: इंग्रजांना शेखांच्या घरातल्या बातम्या कळायच्या कशा? त्यांचे हेर होते का तिकडे?

हेर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वेश पालटून फिरणारा गोरा साहेब येतो, असे लोक होतेही, पण रोजचं काम त्यांच्यावर अजिबात चालत नव्हतं. आधी नकाशा बघा. इंग्रजांचा मोठा साहेब म्हणजे रेसिडेंट, तो बसायचा बुशहरला, म्हणजे इराणच्या बाजूला. तिथली कचेरी १७६३ पासूनची. आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते शारजा, दुबई, अबुधाबी, बहरीन हे सगळे पाण्याच्या पलीकडे. आज जिथे अमिरात आहे त्या सबंध किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात कायम राहणारा एकही इंग्रज अधिकारी नव्हता, एकही नाही! उन्हाळा भयंकर, खर्च अफाट, आणि गोरा माणूस बसवला की त्याच्या रक्षणाला माणसं आली, माणसं आली की भांडणं आली.

मग केलं काय, तर तिथलाच एखादा वजनदार व्यापारी धरला आणि त्याला एजंट केलं. कागदोपत्री नाव 'नेटिव्ह एजंट'. शारजात असा एजंट १८२० च्या दशकापासून होता, बहरीन आणि मस्कतलाही होते, मस्कतला तर काही काळ हिंदू व्यापाऱ्याकडे हे काम होतं. अरबी-फारसीत पत्रं लिहायची, कोणाचं कोणाशी वाजलंय, कोण कोणाच्या मुलीशी सोयरीक करतोय, कुठल्या गलबतातून गुलाम उतरले, हे सगळं बुशहरला कळवायचं. शिवाय तिथे धंदा करणाऱ्या आपल्याकडच्या वाण्या-भाटियांची उधारी वसूल करून द्यायची, रेसिडेंटची पत्रं शेखाला नेऊन द्यायची, हेही त्याच्याच गळ्यात. आपल्याकडे पेशवाईत दरबारादरबारात वकील आणि अखबारनवीस, म्हणजे बातम्या लिहून पाठवणारे, असायचे ना, साधारण तोच प्रकार. इंग्रजांनी ही पद्धत विलायतेतून आणली नव्हती, हिंदुस्थानातल्या दरबारांतून उचलली होती.

आता गंमत अशी की एजंटला पगार यथातथाच होता. मग घरचं खाऊन हे काम कोण कशाला करेल? तर इंग्रजांचा माणूस म्हटल्यावर त्याच्या मालाला हात लावायची कोणाची छाती होत नसे, व्यापारात पत वाढे, आणि शेखसुद्धा जपून वागे. हे काम काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या राहिलं, शारजाच्या सरकाल घराण्याने विसाव्या शतकातही बरीच वर्षं सांभाळलं. पण म्हणजेच काय, तर बातमी देणारा माणूस हा स्वतः बाजारात बसलेला. त्याचे मोती, त्याची उधारी, त्याचे व्याही, त्याचे वैरी. तो पत्र लिहिताना आपल्या पोळीवर तूप ओढणारच की. बुशहरच्या साहेबाला हे ठाऊक होतं, पण दुसरा उपाय नव्हता, म्हणून तो दोन-तीन ठिकाणची पत्रं ताडून बघायचा, अधूनमधून जहाजातून किनाऱ्यावर चक्कर मारायचा, आणि व्यापारी गलबतांच्या नाखव्यांना विचारायचा.

आणि हे काम गुपचूप चालायचं असंही नाही हं. एजंट कोण हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. त्यामुळे शेखही त्याचा उपयोग करून घ्यायचे. शेजारच्या शेखाबद्दल काही इंग्रजांच्या कानावर घालायचं असेल तर एजंटला कॉफीला बोलवलं की काम झालं.

प्रश्न: अशा ऐकीव बातम्यांवर विसंबून इंग्रज कधी तोंडावर आपटले का?

आपटले, आणि चांगलेच. त्या १८२० च्या तहाच्या वेळी दुभाष्या होता कॅप्टन पेरोनेट थॉम्पसन. तहानंतर मागे ठेवलेल्या तुकडीचा तोच प्रमुख. त्याच वर्षी ओमानच्या बनी बू अली टोळीवर चाचेगिरीचा आरोप आला. टोळी मस्कतचा राज्यकर्ता सय्यद सईद याला जुमानत नव्हती, म्हणजे तिला कोणीतरी परस्पर ठोकलं तर त्याला हवंच होतं. इंग्रजांनी पत्र देऊन माणूस पाठवला, तो मारला गेला. झालं, थॉम्पसनचं डोकं फिरलं आणि तो सईदच्या फौजेबरोबर मुंबईच्या शिपायांना घेऊन वाळवंटात शिरला. वाट कशी, पाणी कुठे, समोर माणसं किती, लढतात कशी, सगळी माहिती दुसऱ्याच्या तोंडची. नोव्हेंबर १८२० मध्ये टोळीवाले तलवारी घेऊन अंगावर धावून आले आणि त्या तुकडीची अक्षरशः कत्तल झाली, सईद स्वतः जखमी झाला. थॉम्पसन वाचला, पण त्याच्यावर कोर्टमार्शल होऊन जाहीर ठपका आला.

मग १८२१ मध्ये सूड घ्यायला मोठी फौज गेली, तिचा सेनापती जनरल लायोनेल स्मिथ. नाव ओळखीचं वाटतंय? अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले तेव्हा समोर हाच होता, जेमतेम तीन वर्षांपूर्वी. आणि ही मोहीम धाडली तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आधीचा पुण्याचा रेसिडेंट. बाजीरावाच्या वाड्यातल्या बित्तंबातम्या गोळा करण्यात ज्याचे केस पांढरे झाले तोच माणूस आता मुंबईत बसून अरबी किनारा बघत होता. मला तर हे सगळं प्रकरण पुण्याच्याच गोष्टीचा पुढचा भाग वाटतं, तज्ज्ञ लोक कदाचित नाक मुरडतील. बुशहरचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच हाताखाली होता हे मात्र कोणी नाकारणार नाही, त्यानंतर तो थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला.

प्रश्न: शेखांनी मुकाट्याने सह्या का केल्या? एवढे का घाबरले?

भीती होतीच, रास अल खैमाचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. पण नुसत्या भीतीने दीडशे वर्षं काढता येत नाहीत. शेखाशेखांमधला १८३५ चा समुद्रातला तह बघा. मोत्यांच्या हंगामात सगळ्यांचे पाणबुडे पाण्यात, तेव्हा एकमेकांशी लढलो तर कमाई बुडणार, म्हणून तेवढ्या महिन्यांपुरती लढाई बंद. हे सगळ्यांना इतकं पटलं की मुदत वाढवत वाढवत १८५३ मध्ये ते कायमचंच केलं. शिवाय ज्याची सही तहावर, तोच गावाचा शेख, असं आपोआप ठरून गेलं. भाऊबंदकीत हे किती मोलाचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कुवेतच्या मुबारकचं बघा. त्याने १८९६ मध्ये आपल्या सावत्र भावांना मारून गादी घेतली, वर तुर्कांचा धाक. १८९९ च्या जानेवारीत त्याने बुशहरच्या रेसिडेंट मीडबरोबर गुपचूप करार केला, की इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेचा वकील ठेवणार नाही आणि जमीन विकणार नाही, भाड्याने देणार नाही. त्याला मिळाले १५,००० रुपये. होय, रुपये! त्या किनाऱ्यावर चलन आपलंच चालायचं.

आणि सगळंच मुकाट्याने मान्य केलं असंही नाही. १९१० च्या डिसेंबरात चोरट्या बंदुका शोधायला 'हायसिंथ' या युद्धनौकेवरचे खलाशी दुबईत उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. इंग्रजांनी मागितलं काय, तर ४०० रायफली, ५०,००० रुपये दंड, शिवाय टपाल, तारयंत्र आणि गावात कायम राहणारा इंग्रज एजंट. दुबईचे शेख बुत्ती यांनी बंदुका आणि पैसे कबूल केले, पण एजंट नको म्हणजे नको, आणि इंग्रजांनी ते सोडून दिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा नकार. पैसे एकदाच जातात, पण रोज सकाळी आपल्या दारात कोण आलं कोण गेलं ते लिहून काढणारा साहेब शेजारी बसला तर तो कधीच जात नाही.

प्रश्न: या माहितीचं एखादं पुस्तक झालं का?

झालं की, आणि केवढं! हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने १९०३ मध्ये आरमारी थाटात आखाताचा दौरा केला, शारजासमोर जहाजावर दरबार भरवून शेखांपुढे भाषण ठोकलं. त्याच काळात जॉन लॉरिमर या आयसीएस अधिकाऱ्याला आखाताचं गॅझेटिअर, म्हणजे मुलखाची बारीकसारीक माहिती देणारा ग्रंथ, करायला बसवलं. काही महिन्यांचं काम म्हणून सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. भूगोलाचा खंड १९०८ मध्ये आला आणि इतिहासाचा १९१५ मध्ये, एकूण पाने सुमारे ५,०००. कुठल्या गावात घरं किती, विहिरी किती, खजुराची झाडं किती, उंट किती, होड्या किती, टोळी कुठली. एका माणसाने एवढं मोजलं नाही अर्थातच, एजंटांच्या कित्येक वर्षांच्या पत्रांचाही त्यात वाटा होता. छापून झाल्यावर सरकारने ते गोपनीय ठरवलं आणि १९५५ पर्यंत तसंच ठेवलं. लॉरिमरने मात्र इतिहासाचा खंड छापलेला बघितलाच नाही, १९१४ च्या फेब्रुवारीत बुशहरलाच स्वतःचं पिस्तूल साफ करताना गोळी सुटून तो गेला.

प्रश्न: मूळ कागद सामान्य माणसाला बघता येतात का?

येतात. बुशहरच्या कचेरीचं दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यातलं बरंचसं कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतं. मुंबई सरकारच्या बाजूचं दप्तर बघायचं असेल तर काळा घोड्याला राज्य पुराभिलेखात जा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. हो, तोच एल्फिन्स्टन.