नौदल खेळांसाठी घरचा समुद्र

युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून टेबलावर नौदल लढाई खेळायची असेल, तर खाली अंथरायच्या समुद्रासाठी लगेच महागडी मॅट घेऊ नका. जाड सुती कापड किंवा कॅनव्हास घ्या. सुरुवातीला ६ बाय ४ फूट पुरतं. गडद निळ्या ॲक्रिलिकचा हात द्या आणि तो ओला असतानाच स्पंजने हिरवा, करडा रंग ठिकठिकाणी थोपटा. नकाशातला फिकट निळा मात्र टाळाच. खोल पाणी तसं दिसत नाही, करड्या युद्धनौकाही त्यावर उठत नाहीत. पांढऱ्या फेसाचा मोह आवरा: १:२४०० प्रमाणात, म्हणजे खऱ्यापेक्षा २४०० पट लहान मापात, ३ मीटरची लाट जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते! उंचवटे तर नकोतच, छोटी जहाजं कलंडतात. रंग पातळ लावा, जाड थराला भेगा पडतात. पूर्ण वाळल्यावर घडी न घालता रंगाची बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळा.