नख वर राहिलेले बोट

प्रश्न : मोरजीच्या किनाऱ्यावर फुटक्या बाटलीने आमच्या कुत्र्याचा पंजा कापला. जखम भरली, पण एका बोटाचे नख वरच राहते. शस्त्रक्रिया करावी का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बोटाचे टोक वाकवणारी खोल कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पेशी-पट्टी) तुटली असावी, वरवरची तुटली असती, तर बोट सपाट पडले असते. ताज्या जखमेत कंडरेची दोन्ही टोके जुळवून शिवतात आणि पंजा किंचित वाकवून काही आठवडे स्प्लिंटमध्ये (आधार देणाऱ्या पट्टीत) ठेवतात, कारण कंडरा फार सावकाश जुळते आणि उड्या मारणाऱ्या कुत्र्याला हे कोण समजावणार! गोव्याच्या पावसात ती पट्टी कोरडी ठेवणे हेच मोठे काम असते. ओली राहिल्यास कातडी सोलवटते. जुन्या जखमेत टोके आक्रसून मागे सरकलेली असल्याने शिवणे अवघड होते. म्हणून कुत्रा लंगडत नसल्यास केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये, असे माझे मत आहे. लंगडत असल्यास मात्र पशुशल्यचिकित्सकाला लवकर दाखवावे.