एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, म्हणजे द्रव-वायूंचं गणित कणांच्या रूपात करणारी पद्धत) कोडमध्ये दाब सगळीकडे सारखा ठेवला तरी कण हलतात, ग्रेडियंट (दाबाचा उतार) सुधारायचा कसा?

नुसते शेजारी कण वाढवू नका, आधी चूक कुठून येते ते बघा. आपण सोलापूरकर, म्हणून गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. होम मैदानावर सगळे सारख्याच आवाजात बोलताहेत, पण तुमच्या उजवीकडे गर्दी जास्त आहे. तुम्हाला आवाज उजवीकडे वाढतोय असंच वाटणार. तुमच्या कणांचं नेमकं हेच होतंय: शेजारी असमान विखुरले की समान दाबातूनही खोटा उतार निघतो.

साधा इलाज म्हणजे शेजाऱ्यांवरून ग्रेडियंट काढायच्या बेरजेत शेजाऱ्याच्या दाबाऐवजी त्याच्या आणि स्वतःच्या दाबातला फरक घ्यायचा. स्थिर दाबाचा ग्रेडियंट मग बरोबर शून्य येतो. पुढची पायरी, शेजाऱ्यांच्या अंतरांवरून प्रत्येक कणासाठी ३×३ मॅट्रिक्स काढून तिचा व्यस्त लावणे. रेषीय उतारही अचूक मिळतो. पण जपून! दोन कणांमधली बलं समान आणि विरुद्ध राहत नाहीत, म्हणजे संवेग टिकत नाही. ताऱ्यांची टक्कर चालवताना हे मला अजिबात परवडणारं वाटत नाही. म्हणून २०१२ साली गार्सिया-सेन्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली इंटिग्रल पद्धत वापरून बघा. तिच्यात कर्नलचा (शेजाऱ्याला अंतरानुसार वजन देणाऱ्या सूत्राचा) डेरिव्हेटिव्ह लागत नाही, मॅट्रिक्स असते, आणि एक छोटं पद सोडलं की संवेगही टिकतो.

शेजारी वाढवायचेच असतील तर क्युबिक स्प्लाइन कर्नल सोडून वेंडलँड कर्नल घ्या, नाहीतर कण जोड्या करून चिकटतात. तपासणी मात्र अस्ताव्यस्त कणांवरच करा, जाळीवर मांडलेल्या कणांवर सगळंच छान दिसतं.