एमसीबी पडत नाही, मग टॉप का जळतो?

घरातली वीज आणि आग : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत टॉप, सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड जळाल्याच्या तक्रारी फार आहेत. म्हणून पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बाकीची उत्तरं गरजेपुरती.

प्रश्न : बाथरूममधल्या १५ लिटरच्या गिझरचा थ्री पिन टॉप काळा पडतो, जळकट वास येतो. वायरमनने वर्षभरात दोनदा सॉकेट बदललं, तरी पुन्हा तेच. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र एकदाही पडली नाही. गिझर बदलावा का? (एक वाचक, नाशिक)

गिझर बहुधा ठणठणीत आहे. दोष सांध्यात आहे. टॉपची पिन सॉकेटच्या पत्तीला जिथे भिडते तिथे, नाहीतर वायर जिथे स्क्रूखाली दाबली आहे तिथे.

तुमचा गिझर २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टवर तो साधारण ८.७ अँपिअर करंट ओढतो. सांधा घट्ट आणि स्वच्छ असेल तर त्याचा रोध ओहमच्या काही हजारांश भागाएवढाच असतो, त्यामुळे तिथे उष्णता नावापुरती. पत्ती ढिली झाली, वर काळा थर धरला आणि रोध ओहमच्या एक तृतीयांशावर गेला, की ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.३३, म्हणजे २५ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटचीच असते. ती सॉकेटच्या आत प्लॅस्टिकला टेकवून रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवली तर जे होईल, ते तुमच्याकडे होतं आहे.

आता एमसीबीकडे बघू. गिझरच्या कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. त्यात हा ०.३३ मिळवला की करंट ८.७ वरून ८.६ वर येतो. म्हणजे सांधा जळत असताना करंट वाढत नाही, किंचित कमीच होतो. एमसीबीला फक्त करंट कळतो. तिच्यातली दोन धातूंची पट्टी ओव्हरलोडने तापून वाकते, किंवा शॉर्ट सर्किट झालं की चुंबकीय कॉइल तिला तत्काळ पाडते. ८.६ अँपिअरला १६ किंवा २० ची एमसीबी का पडावी? तिचं काम भिंतीतली वायर वाचवणं हे आहे आणि ते ती नीट करते आहे. आरसीसीबीचंही, म्हणजे करंटची गळती झाली की पडणाऱ्या स्विचचंही, तसंच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच ती ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाचा जीव वाचवते आणि ती प्रत्येक घरात हवीच. पण ढिल्या सांध्यातून करंट कुठे गळत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकचा कोळसा होऊन अर्थिंगकडे गळती सुरू होईपर्यंत तिलाही पत्ता नसतो. या दुखण्यावर नजर ठेवायला घरातल्या माणसाचं नाक आणि हातच लागतात, हे आम्हाला कळकळीने सांगायचं आहे.

सॉकेट दोनदा बदलूनही फरक पडला नाही, कारण बहुधा टॉप जुनाच राहिला. जुन्या टॉपच्या पिनांवर खड्डे पडलेले असतात, काळा थर असतो. ती पिन नव्या पत्तीलाही तापवते आणि तापलेली पत्ती आपला ताण गमावते. मग पकड सैल, सैल म्हणून अजून ताप, असं चक्र पुन्हा सुरू होतं.

म्हणून टॉप आणि सॉकेट एकाच वेळी बदला, दोन्ही १६ अँपिअरचे, आयएसआय मार्कचे. मेन बंद करून सॉकेट खोलल्यावर वायरचं टोक बघायला सांगा. तांबं काळं-जांभळं झालं असेल, वरचं पीव्हीसी कडक होऊन तडकत असेल, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत तेवढी वायर कापायची. उरलेली वायर तोकडी पडली तर ओढून-ताणून बसवू नये आणि मध्ये पीळ देऊन टेपही गुंडाळू नये, तो नवा ढिला सांधाच होतो. बोर्डापासून नवी वायर ओढावी. २००० वॅटला अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर हवी, ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरला चारची घ्या. टॉपमध्ये बारीक तारांची वायर जोडताना टोकाला सोल्डर मारून घट्ट करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती टाळा. सोल्डर मऊ असतो, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप सैल होतो. तारा पिळून, दुमडून स्क्रूखाली घ्याव्यात किंवा टोकावर धातूची टोपी दाबून (क्रिम्प करून) बसवावी. एकही तार बाहेर सुटलेली नको.

गिझर कायम एकाच जागी असतो, त्यामुळे टॉप-सॉकेट काढूनच टाकून २० अँपिअरच्या डीपी स्विचला थेट वायर जोडली तर त्याहून बरं. हा स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो आणि पिन-पत्तीचा सांधाच उरत नाही.

काम झाल्यावर गिझर २० मिनिटं चालवा, स्विच बंद करा आणि टॉपच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर सांधा अजून चुकला आहे. डीपी स्विच असेल तर त्याच्या प्लेटला असाच हात लावून बघा. वासाकडेही लक्ष असू द्या. स्विच-सॉकेटचं प्लॅस्टिक तापू लागलं की पुष्कळदा सुकी मासळी जळाल्यासारखा वास येतो. घरात मासळी नसताना तो आला, तर मेन बंद करून एकेक बोर्ड हाताने चाचपा.

प्रश्न : स्वयंपाकघरात एकच सॉकेट आहे. त्यावर चार पॉइंटचा स्पाइक गार्ड लावून फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक केटल चालवतो. जाड पिन बसत नाही म्हणून मध्ये कन्व्हर्जन प्लग लावला आहे. चालेल का? (एक वाचक, पुणे)

चालणार नाही, आजच काढा. पॉइंट चार असले तरी करंट वाहून नेणारी वायर एकच असते आणि छोट्या पिनच्या बोर्डाची क्षमता ६ अँपिअर, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. १५०० वॅटची केटल एकटीच ६.५ अँपिअर घेते. मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असतं ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो १२०० वॅटच्या आसपास ओढतो. दोन्ही एकदम लावले की १२ अँपिअर होतात, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट. आणि करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वायरची गुंडाळी करून फ्रिजमागे खोचलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडायलाही वाट नाही.

कन्व्हर्जन प्लगचा धोका वेगळा. जाड पिन जाड केली आहे ती जास्त करंट ओढणारं उपकरण ६ अँपिअरच्या सॉकेटात बसूच नये म्हणून. तो प्लग नेमका तो अडसर काढून टाकतो.

फ्रिज भिंतीवरच्या स्वतंत्र सॉकेटात थेट लावा. मायक्रोवेव्ह आणि केटलसाठी अडीचच्या वायरने १६ अँपिअरचे दोन पॉइंट काढून घ्या. तोवर एका वेळी एकच उपकरण, तेही थेट भिंतीत. स्पाइक गार्ड टीव्ही, राउटर, लॅपटॉप यांच्यासाठी ठेवा. त्यातला विजेचा झटका झेलणारा भाग प्रत्येक झटक्याला थोडा थोडा झिजत असतो, त्यामुळे संरक्षणाचा दिवा विझला की गार्ड बदलायचा.

प्रश्न : वादळी पावसात आमच्या इमारतीत काही घरांतले दिवे मंद झाले आणि आमच्याकडे एकदम लखलखले. दोन मिनिटांत टीव्ही, फ्रिज आणि सेट-टॉप बॉक्स गेले, बोर्डातून धूर आला. हे कशामुळे? (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही सांगितलेली लक्षणं न्यूट्रल तुटल्याची किंवा ढिला झाल्याची आहेत. इमारतीला तीन फेज येतात आणि घरं त्यांवर वाटलेली असतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. खांबावर किंवा मीटर रूममध्ये सामाईक न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी ओळीने जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. ज्या फेजवर लोड जास्त त्यांना व्होल्टेज कमी, ज्यांच्याकडे लोड कमी त्यांना ३०० च्याही वर. फक्त फ्रिज आणि एखादा दिवा चालू असलेल्या घराला म्हणूनच जास्त फटका बसतो.

पंखा अचानक जोरात फिरू लागला, एक दिवा लखलखीत आणि दुसरा मंद झाला, की आधी मेन स्विच पाडायचा. टीव्हीचा स्विच शोधत बसू नका. मग शेजाऱ्यांना हाक मारा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. साधी एमसीबी किंवा आरसीसीबी व्होल्टेज पाहत नाही, त्यामुळे इथे त्यांचा भरवसा नाही. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो सप्लाय तोडतो आणि ठीक झाल्यावर थोडं थांबून जोडतो. इमारतीच्या मीटर रूममधली न्यूट्रलची पट्टी आणि तिचे स्क्रू पावसाळ्याआधी लायसन्सधारक ठेकेदाराकडून तपासून घेणं हे सोसायटीचं काम आहे.

प्रश्न : फ्रिजमधला गॅस पेटतो असं ऐकलं. खरं आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

बऱ्याच नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो ज्वलनशील आहे. पण तो असतो बहुधा शंभर ग्रॅमच्या आत आणि बंद नळ्यांत. तो बाहेर येण्याचं टाळता येण्यासारखं कारण म्हणजे फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडणं. बर्फ आपोआप वितळू द्या. गॅस भरणाऱ्याला मागच्या पाटीवरचं गॅसचं नाव आधी वाचायला लावा आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या, शेगडी बंद ठेवा. एरवी फ्रिजची आग कॉम्प्रेसरच्या रिले, कपॅसिटर आणि वायरिंगपासून सुरू होते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची १४ जून २०१७ ची आग, जिच्यात ७२ माणसं गेली, तीही एका फ्लॅटमधल्या फ्रिज-फ्रीजरपासूनच सुरू झाली होती. मागची धूळ आणि जळमटं वर्षातून दोनदा काढा, हवा खेळायला जागा ठेवा. मागे पिशव्या आणि रद्दी खोचायची नाही.

प्रश्न : ई-स्कूटरची बॅटरी काढून रात्री फ्लॅटच्या दाराजवळ चार्जिंगला लावतो. योग्य आहे का? (एक वाचक, ठाणे)

जागा आणि वेळ दोन्ही बदला. लिथियम सेलला आग लागली की शेजारचे सेल एकापाठोपाठ पेटत जातात आणि विषारी धूर झपाट्याने भरतो. बॅटरी दाराजवळ असेल तर घरातल्या सगळ्यांची बाहेर पडायची वाट बंद होते. जिन्यात लावली तर साऱ्या मजल्यांची. ती खिडकी असलेल्या खोलीत किंवा बाल्कनीत, ऊन-पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, फरशीवर ठेवा. जवळ पडदा, गादी, चपलांचं कपाट नको. कंपनीचाच चार्जर वापरा, अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटात थेट. स्कूटर चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, मग लावा, आणि घरातलं कोणी जागं असतानाच. पडलेली, पुराच्या पाण्यात बुडालेली किंवा फुगलेली बॅटरी घरात आणूच नका.

फुसफुस आवाज, गोडसर रासायनिक वास, पांढरा धूर यांपैकी काहीही दिसलं की बॅटरी उचलायला जाऊ नका. जमलं तर मेन पाडा, खोलीचं दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. अग्निशामकाच्या पावडरने ज्वाळा दबतात, पण सेलच्या आतली उष्णता तशीच राहते आणि बॅटरी पुन्हा पेटते. तिला भरपूर पाण्याने बराच वेळ थंड करावं लागतं, ते अग्निशमन दलाचं काम.

प्रश्न : घरात कोणतं अग्निशामक ठेवावं? कढईतल्या तेलाने पेट घेतला तर ते वापरायचं का? (एक वाचक, सोलापूर)

घराला एबीसी पावडरचं, म्हणजे घन, द्रव आणि वायू अशा तिन्हींच्या आगींवर चालणारं, पुरेसं आहे. २ किलोचं सगळ्यांना उचलता येतं, पण साधारण १० सेकंदांतच संपतं. म्हणून दोन-तीन मीटरवरून, आगीच्या बुडाशी रोख धरून, नळी डावी-उजवीकडे फिरवत मारायचं, आणि आपली पाठ दाराकडे हवी. ते टांगायचंही दाराजवळ. शेगडीच्या वर टांगलं तर आग लागल्यावर तिथे हात पोचणार नाही.

कढईला मात्र ते शेवटचा उपाय. जवळून मारलेल्या पावडरच्या जोराने पेटतं तेल उडतं. पाणी तर अजिबात नको. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आकारमानाने सुमारे १७०० पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उधळतं. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा परात कडेने सरकवत कढईवर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलून बघू नका. कढई हलवू नका.

अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा बघा. सोसायटीच्या आग विझवण्याच्या यंत्रणेसाठी महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यानुसार लायसन्सधारक एजन्सीचं बी फॉर्म प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, त्याची प्रत सचिवांकडे मागून पाहा. आणि अग्निशामक चालतं की नाही हे पाहायला एकदाच दाबून बघू नका. पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, दाब हळूहळू निघून जातो. एक सेकंद जरी वापरलं असेल तरी ते भरून घ्यावं लागतं.